लेखनिक, जादा तास आणि कपाटातले पिवळे कार्ड

आदरणीय काकू, सादर नमस्कार.

मी इंदूरच्या सुदामा नगरात राहते आणि बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीत असताना मला स्टारगार्ट नावाचा डोळ्यांचा विकार असल्याचे कळले. चष्मा लावूनही दोन्ही डोळ्यांची नजर ६/६० आहे. मेडिकल बोर्डाने ४० टक्के कायमस्वरूपी दृष्टिदोषाचे प्रमाणपत्र दिले आणि यूडीआयडीचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, पिवळे कार्डही आले. पण लोकांना कळले तर पुढे लग्नात अडचण येईल, असे म्हणून बाबांनी ते कपाटात ठेवून दिले आहे.

पहिल्या वर्षी मी कोणालाही काही न सांगता परीक्षा दिली. लेखाशास्त्राच्या पेपरात दोन प्रश्न येत असूनही राहिले, कारण प्रश्नपत्रिकेतले आकडे वाचण्यातच वेळ गेला. यंदा धीर करून कॉलेजच्या कार्यालयात विचारले, तर तिथले बाबू म्हणाले, ‘तू तो अच्छी-भली चलती है, ये सब ब्लाइंड बच्चों के लिए है. लेना ही है तो रायटर ले आ.’ माझी आतेबहीण बी. कॉम. झालेली आहे आणि ती रायटर, म्हणजे माझी उत्तरे लिहून देणारी लेखनिक, म्हणून बसायला तयार आहे, पण मला सांगून लिहवून घेण्याची सवय नाही. त्यात एक मैत्रीण म्हणाली की, तासभर जास्त मिळाला तर कोणाचेही गुण वाढतील. तेव्हापासून हे मागणे बरोबर की चूक, हेच मला कळेनासे झाले आहे. मी काय करावे?

एक विद्यार्थिनी

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतला परीक्षेचा प्रश्न तारखेला बांधलेला असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देते. लेखाशास्त्राच्या पेपरासाठी तू लेखनिक घेऊ नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे तुला मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, डोळ्यांना मानवेल असा उजेड आणि एक जादा तास यांची गरज आहे. बाबूंनी रायटरचे नाव काढले, ते त्यांना तेवढेच माहीत आहे म्हणून. दृष्टिदोष म्हटला की रायटर, हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की, ज्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे त्याला नेमके काय हवे, हे विचारायचे राहूनच जाते.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी तीस वर्षे वाणिज्य शिकवले आणि त्यांतली काही वर्षे केंद्राध्यक्ष म्हणून परीक्षाही घेतल्या. एका वर्षी माझ्या केंद्रावर मंददृष्टीचा एक मुलगा आला. त्याच्या हातात काड्यापेटीएवढे भिंग होते आणि ते वापरू द्यावे, एवढीच त्याची विनंती होती. उडनदस्ता, म्हणजे भरारी पथक, आला तर भिंगाचा खुलासा कोण करत बसणार, या विचाराने मी ते बाजूला ठेवायला लावले आणि मोठ्या उदारपणाने त्याला अकरावीतला एक लेखनिक मिळवून दिला. सगळा वेळ तो मुलगा लेखनिकाला ‘डावीकडे लिही, नाही, त्याच्या खाली’ असे सांगत राहिला. शेवटी त्याने उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी नाकापर्यंत आणली आणि आपले आकडे कोणत्या रकान्यात जाऊन बसले आहेत, हे तो शोधू लागला. सोय झाली ती माझी. त्या मुलाने जे मागितले होते त्याला एक पैसाही खर्च नव्हता.

आता तुझ्या डोळ्यांविषयी. डॉक्टरांनी तुला हे सांगितले असेलच, पण तुला ते कार्यालयात दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे म्हणून लिहिते. स्टारगार्टमध्ये दृष्टिपटलाचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो क्षीण होतो आणि कडेची नजर बहुतेक शाबूत राहते. म्हणूनच राजवाड्याच्या गर्दीतून तू कोणाला धक्का न लावता चालू शकतेस आणि हातातल्या कागदावरचा आकडा तीन आहे की आठ, हे मात्र तुला ओळखता येत नाही. निकोप डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर पाहायला तुला सहा मीटरवर यावे लागते, हा ६/६० चा अर्थ. चष्म्याने यात फरक पडत नाही, कारण दोष भिंगाचा नसून पडद्याचा आहे. नजर किंचित बाजूला वळवून शाबूत कडेने वाचण्याची युक्ती तुझ्यासारखी मुले आपोआप शिकतात. समोरच्याला मात्र वाटते की ही मुलगी बोलताना भलतीकडेच पाहते आहे. अशा वाचनात एका वेळी मोजकीच अक्षरे टप्प्यात येतात आणि ओळ सुटली की ती पुन्हा शोधावी लागते. साधा परिच्छेद वाचताना अर्थाच्या आधाराने पुढचा शब्द कळून जातो. आकड्याला तसा आधार नसतो. ४५,३०० आणि ४५,८०० यांतला फरक मागच्यापुढच्या वाक्यावरून ओळखता येत नाही. तुझे प्रश्न नेमके लेखाशास्त्रातच राहिले, याचे कारण हे आहे.

केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या, तेव्हा अर्ज करण्याआधी ताजी प्रत पाहून घे. २०१८ च्या सूचनांतल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ मिळावा, असे त्यांत आहे. आणि ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे, पण जो लेखनिक घेत नाही, त्यालाही तीन तासांच्या परीक्षेला किमान एक तास जादा देता येतो, असेही आहे. हिशेब करून पाहा, दोन्हीकडे एक तासच येतो. म्हणजे लेखनिक नाकारल्यामुळे तुझा वेळ एका मिनिटानेही कमी होत नाही. उलट गंमत अशी की, बाबूंनी दाखवलेली जवळची वाट तुझ्यासाठी लांबची आहे. त्या सूचनांप्रमाणे अंधत्व, दोन्ही हातांचे अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी या तीन प्रकारांत लेखनिक नुसत्या इच्छेवर मिळत असे. बाकीच्या प्रकारांत, आणि अल्पदृष्टी त्यांतच येते, लिहिण्यात शारीरिक अडचण असल्याचे मुख्य चिकित्सा अधिकारी, सिव्हिल सर्जन किंवा सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक यांचे ठरावीक नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र लागत असे. जादा वेळेसाठी तुझे आहे ते प्रमाणपत्र पुरेसे ठरावे. याच सूचनांमध्ये मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, संगणकावर परीक्षा आणि फक्त प्रश्न वाचून दाखवणारा वाचक हे पर्यायही सांगितले आहेत. स्पर्धा परीक्षांचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे पुढे बँकेची किंवा लोकसेवा आयोगाची परीक्षा देशील तेव्हा त्या त्या वर्षीची जाहिरातच वाचावी.

लेखाशास्त्रात लेखनिक का नको, हे एकदा मनात परीक्षेला बसून पाहा. समायोजनांसह अंतिम खाती करायची आहेत. तलपटातली एक रक्कम व्यापार खात्याच्या नावे बाजूला जाते आणि अखेरच्या मालासारखी एखादी रक्कम जमेलाही येते नि ताळेबंदातही दिसते. हे सारे तू स्वतः लिहितेस तेव्हा पेन्सिलीने बारीक खूण करतेस, जागा सोडतेस, मागे जाऊन एक आकडा बदलतेस. लेखनिकाला हे तोंडी सांगायचे तर आधी पान आखून घ्यावे लागते, मग बाजू, मग ओळ, मग रक्कम, आणि त्याने ती बरोबर लिहिली का, हे पाहायला पुन्हा तुझेच डोळे लागतात. त्यात आपल्या इंदूरकडच्या मराठी घरांची एक खास अडचण आहे. तू घरी अभ्यास करताना ताळेबंद म्हणत असशील आणि पेपर हिंदीत असला तर उत्तरपत्रिकेत चिट्ठा लिहीत असशील. आपल्याला हे भाषांतर करताना कळतही नाही, पण दुसऱ्याच्या हाताने लिहवताना ते प्रत्येक ओळीला आडवे येते. व्यवसाय संघटन किंवा अर्थशास्त्रासारख्या वर्णनात्मक पेपरांची गोष्ट निराळी आहे. तिथे चार-पाच पाने लिहिता लिहिता डोळे दुखून येत असतील, तर लेखनिकाचा विचार जरूर करावा. वेगवेगळ्या पेपरांना वेगवेगळा लेखनिक घेण्याची मुभा त्या सूचनांत होती, तेव्हा एका पेपराला लेखनिक आणि दुसऱ्याला फक्त जादा वेळ, अशी मागणी करण्यात काहीच गैर नाही.

माझ्या मतावर मात्र विसंबू नकोस. गेल्या वर्षांच्या तीन प्रश्नपत्रिका काढ आणि तीन रविवार सकाळी, परीक्षेच्याच वेळेला, टेबलावर बस. पहिली प्रश्नपत्रिका आहे त्या अक्षरात तीन तासांत सोडव. दुसरी मोठी करून, टेबलाच्या दिव्याखाली, चार तासांत सोडव. तिसरी धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलीला समोर बसवून तोंडी सांग. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी टिपून ठेव: प्रश्न वाचून समजायला किती मिनिटे गेली आणि येत असलेले किती गुणांचे राहिले. हा कागद पुढे कार्यालयात तुझ्या फार उपयोगी पडेल, कारण ‘दिसत नाही’ या शब्दांवर वाद घालता येतो, पण ‘पहिला प्रश्न वाचायला एकोणीस मिनिटे लागतात’ यावर घालता येत नाही.

तुझ्या मैत्रिणीचे उत्तरही त्याच कागदावर मिळेल. जादा तासाने कोणाचेही गुण वाढतील, हे तिचे म्हणणे वरवर खरे वाटते. ज्याचा वेळ लिहिण्यात जातो, त्याला जादा वेळ मिळाला तर तो आणखी लिहील, हे कबूल. तुझा वेळ प्रश्नापर्यंत पोहोचण्यात जातो. तिचे घड्याळ प्रश्न वाचल्यावर सुरू होते आणि तुझे वाचण्याआधीच पळू लागते. तो गेलेला वेळ परत मिळणे म्हणजे भरपाई, आणि सरकारी सूचनांतही शब्द भरपाईचाच आहे. तिच्याशी भांडू मात्र नकोस. तिला एक पान दे, दोन बोटे एकमेकांशेजारी उभी धरून तिच्या डोळ्यांसमोर पानाचा मधला भाग झाकायला सांग आणि त्यातला ताळेबंद वाचायला सांग. पाच मिनिटांत तिचे मत बदलेल.

आता अर्जाकडे वळू. अर्ज प्राचार्यांच्या नावे कर आणि तो विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांकडे पाठवावा, अशी विनंती त्यातच लिही, कारण वार्षिक पेपर देवी अहिल्या विद्यापीठाचे असतात आणि त्यांच्याबाबतचा निर्णय कॉलेजच्या हातात नसतो. अंतर्गत मूल्यांकनाच्या चाचण्या कॉलेजच घेते, तिथली सोय प्राचार्य आपल्या अधिकारात करू शकतात. आणि एकदा चाचणीला ती केली गेली की वार्षिक परीक्षेला नाही म्हणणे त्यांना जड जाते. परीक्षेचा फॉर्म भरतानाच हा अर्ज दे. प्रवेशपत्र हातात आल्यावर धावाधाव करणाऱ्या मुलांना ‘अब तो सेंटर लग गया’ हे उत्तर मिळताना मी पुष्कळदा पाहिले आहे.

अर्जात ‘योग्य ती सोय करावी’ असे लिहू नकोस. योग्य ती म्हणजे कोणती, हे कोणीतरी दुसराच ठरवेल आणि तुला रायटर मिळेल. काय हवे ते मोजमापासह लिही. जादा वेळ एक तास. प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात. आणि इथे एक बारकावा लक्षात ठेव. ए-फोर आकाराचा कागद झेरॉक्सवर ए-थ्री केला की अक्षर साधारण १.४ पट होते, म्हणजे बारा पॉइंटचे अक्षर सतरा पॉइंटचे होते. तुला सतरा पुरते की वीस-बावीस लागते, हे त्या दुसऱ्या रविवारी कळेल. सतरा पुरत असेल तर काम सोपे आहे: केंद्रावर पाकीट फुटल्यावर केंद्राध्यक्षांच्या समोर ए-थ्री प्रत काढून द्यावी, एवढीच विनंती करायची. त्याहून मोठे लागत असेल तर विद्यापीठाला तशी प्रत आधी तयार करावी लागेल, आणि म्हणूनच अर्ज लवकर हवा. भिंग, टेबलाचा दिवा, जाड टोकाचा काळा पेन आणि ओळ धरून ठेवण्यासाठी मध्ये खाच कापलेला काळा पुठ्ठा, या चार वस्तूंची नावे लिहून परवानगी माग. त्या पुठ्ठ्याची किंमत शून्य आहे, पण परवानगीच्या पत्रात नाव नसले की हाच पुठ्ठा परीक्षेच्या खोलीत संशयाचा विषय होतो. बसायची जागा खिडकीकडे पाठ किंवा बाजू येईल अशी माग. उजेड समोरून डोळ्यांवर आला तर तुला उरलेलेही दिसणार नाही. अर्थशास्त्राच्या पेपरात आकृती पाहून उत्तर द्यायचा प्रश्न असेल तर त्याऐवजी पर्यायी प्रश्न मिळावा, ही मागणीही बसते, कारण दृश्य माहितीवर अवलंबून असलेल्या प्रश्नांना दृष्टिबाधितांसाठी पर्याय द्यावा, असे त्या सूचनांत होते.

अर्जाबरोबर प्रमाणपत्राची आणि पिवळ्या कार्डाची प्रत जोड. दोन प्रती कर आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख नि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. आवक-जावक आणि पावती हे शब्द इथल्या हिंदी कचेऱ्यांतही आपल्या मराठीतल्यासारखेच चालतात, तेव्हा ते ठामपणे उच्चारायला तुला अडचण पडू नये.

आतेबहिणीचा विचार मनातून काढून टाक. २०१८ च्या सूचनांनुसारही स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावा लागे, आणि बी. कॉम. झालेली व्यक्ती बी. कॉम.च्या पेपराला बसली तर तिचा हेतू कितीही चांगला असला तरी तो गैरप्रकार ठरेल आणि भोगावे लागेल तुला. वर्णनात्मक पेपराला लेखनिक घ्यायचे ठरलेच तर बारावीतली, स्वच्छ हिंदी लिहिणारी आणि न कंटाळणारी मुलगी पाहा. लेखनिक परीक्षा मंडळाने दिला असेल, तर तो योग्य आहे का हे पाहण्यासाठी दोन दिवस आधी त्याला भेटण्याचा अधिकार त्या सूचनांत होता. तो जरूर माग.

‘अच्छी-भली चलती है’ या वाक्याला काय उत्तर द्यावे? बाबूंशी वाद घालण्यात शक्ती खर्च करू नकोस, पण तुझ्या मनात शंका राहू नये म्हणून सांगते. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत अंधत्व नि अल्पदृष्टी वेगवेगळ्या व्याख्यांनी दिलेली आहेत. लक्षणीय दिव्यांगत्वाची रेषा ४० टक्क्यांवर आहे आणि तू त्या रेषेवर उभी आहेस. यूडीआयडीच्या कार्डाचा पिवळा रंगही तेच सांगतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा आणि त्यावर निळा. याच अधिनियमाच्या १७ व्या कलमात परीक्षापद्धतीत जादा वेळ आणि लेखनिक यांसारखे योग्य बदल करण्याचे नाव घेऊन सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांचा उंबरठा ओलांडलेला असणे ही अटच योग्य नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि तो या ४० टक्क्यांच्या रेषेत बसत नव्हता. त्या निकालानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. तुला चालता येते का, हा प्रश्न यांतल्या एकाही कागदात नाही.

अर्ज देऊन पंधरा दिवसांत काही हालचाल झाली नाही, तर एक स्मरणपत्र दे आणि नकार असल्यास तो कारणासह लेखी मिळावा, असे त्यात लिही. तोंडी नकार देणारी माणसे लेखी नकार द्यायची वेळ आली की बहुधा फाइल पुढे सरकवतात. त्यापुढची पायरी म्हणजे विद्यापीठाचा तक्रार निवारण अधिकारी.  तिथेही अडले तर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, १८१ ही सीएम हेल्पलाइन आहे, आणि भोपाळला दिव्यांगजनांसाठीचे राज्य आयुक्त आहेत, ज्यांना तक्रारीची चौकशी करण्याचा अधिकार आहे. अधिनियमाचे उल्लंघन झाल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. हे सारे माहीत असावे, पण पहिल्याच दिवशी १८१ फिरवू नये. ज्या कार्यालयात अजून दोन-तीन वर्षे जायचे आहे, तिथल्या माणसाला आधी नियम दाखवून काम करून घेणे शहाणपणाचे असते. तो अनेकदा दुष्ट नसतो, त्याला फक्त आजवर कोणी विचारलेले नसते.

परीक्षेइतकीच वर्षभराची पुस्तके महत्त्वाची आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याने दिव्यांग व्यक्तीच्या उपयोगासाठी पुस्तक वाचनसुलभ रूपात आणण्याला मोकळीक दिली आहे, त्यामुळे स्वतःसाठी पुस्तक स्कॅन करून मोठे करताना चोरी केल्यासारखे वाटून घेऊ नकोस. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे, तिथे नाव नोंदव. एनव्हीडीए हे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि हिंदी-मराठीही वाचते. सिद्धांताचे विषय त्यावर ऐकावेत. लेखाशास्त्राचे पुस्तक मात्र ऐकण्याच्या भानगडीत पडू नकोस, कारण स्कॅन केलेल्या खात्यांचे रकाने एकमेकांत मिसळतात आणि नावे-जमा एकाच ओळीत वाचले जाते. त्यासाठी टॅबलेटवर पान मोठे करून पाहणेच बरे. वर्गात फळ्याचा फोटो काढण्याची परवानगी प्रत्येक शिक्षकाकडून सुरुवातीलाच घेऊन ठेव. जाता जाता: घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आहे.

राहिले बाबा. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी तुला मेडिकल बोर्डापुढे नेले, कार्ड काढले, म्हणजे त्यांनी वास्तव नाकारलेले नाही. त्यांना भीती आहे ती बोलणाऱ्या तोंडांची, आणि आपला मराठी समाज इथे इतका आटोपशीर आहे की रामबागेत शिंकले तर लोकमान्य नगरात ऐकू जाते, हे मीही जाणते. त्यांना दोन गोष्टी सांग. पहिली अशी की, अर्ज प्राचार्य, परीक्षा विभाग, केंद्राध्यक्ष आणि विषयांचे शिक्षक यांच्यापलीकडे जाण्याचे कारण नाही आणि ही माहिती गोपनीय ठेवावी, असे वाक्य तू अर्जातच लिहू शकतेस. दुसरी अशी की, लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट लपवून ठेवणे तिच्या उघड होण्यापेक्षा कितीतरी महाग पडेल. स्टारगार्ट बहुतेक कुटुंबांत आई आणि वडील या दोघांकडून जनुकाची एकेक सदोष प्रत आल्यावरच प्रकट होतो. पुढच्या पिढीत तो येईल की नाही, हे जोडीदाराच्या जनुकांवरही अवलंबून असते आणि त्याविषयी जनुकीय सल्ला मिळतो. एकदा बाबांना बरोबर घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि हा प्रश्न त्यांनाच विचारू दे. मुलीच्या तोंडून ऐकलेले आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले यांत वडिलांच्या लेखी फार फरक असतो.

तोवर कपाटाची किल्ली मागून कार्डाच्या चार प्रती काढून घे. मूळ कार्ड कार्यालयात फक्त पडताळणीपुरते दाखवायचे असते, ते हवे तर पुन्हा होते तिथेच ठेव.

तुझी,
काकू

ता. क. दिवा चार्जिंगचा घे. परीक्षेच्या खोलीत प्लग बहुधा फळ्याशेजारी असतो, आणि फळ्याशेजारी बसलीस तर खिडकीजवळची जागा सुटते.